माणग्याचं धनुष्य, वीस पावलांपुरतं

माझी तीन धनुष्यं मोडली. पहिलं मोडलं तेव्हा सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला आणि एक कपची कानाला चाटून गेली. बायको म्हणाली, "लेथवर वीस वर्षं काढून बोटं शाबूत ठेवलासा, आता काठीनं डोळा घालवा." बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मी टर्नर आहे. दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं तर आमचा माल परत येतो. पण बांबूला व्हर्नियर लावून काही कळत नाही, एवढं समजायला तीन मोडावी लागली. चौथं दोन वर्षं टिकलंय, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी कायद्याचं उरकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फास लावणं, पाठलाग करणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्यातच धरलंय. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रान आणि शेत यांत एका बांधाचं अंतर. भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, ते आमच्या खानापूर तालुक्यातच. तिथं हत्यार घेऊन शिरायचं नाही, मग बाणाला टोक असो वा नसो. डुकरांनी भात लोळवलं तर वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. खाली सांगितलेलं धनुष्य चिंध्यांच्या पोत्यावर मारायचं आहे.

मग करायचंच कशाला? चहाच्या सुट्टीत माझ्या शेजारच्या मशीनवरच्या दोस्तानं हेच विचारलं, "बिल्लु माडी येन माडती?" धनुष्य करून करणार काय? मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. मग धनुष्यानं शिकार करणाऱ्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, तेव्हा एकाच काठीचे किती अर्थ निघतात ते बघून चक्रावलो. टांझानियातल्या हाड्झा लोकांत पोरगं नीट चालायला लागलं की हातात छोटं धनुष्य येतं. तिथं धनुष्य म्हणजे संध्याकाळची चूल. अमेरिकेत मात्र दुकानात मांस मिळत असताना माणसं मुद्दाम साधं लाकडी धनुष्य उचलतात. 1969 साली मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना कप्प्या लावलेल्या धनुष्याचं पेटंट मिळालं. ते पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम हलका होतो, नेम धरून बसता येतं. ते बाजारात असूनही काहीजण म्हणतात, नको, आम्हाला अवघडच पाहिजे. आमच्या फोरमनला हे पटणार नाही. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, सोडून हातानं कानस मारत बसल्यासारखंच ते.

आणि इशी. कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस. 1911 साली तो एकटाच रानातून बाहेर आला, 1916 साली वारला. मधल्या काळात सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन त्याच्याकडून धनुष्य शिकला, आणि अमेरिकेतली आजची धनुष्याची हौस बरीचशी तिथून सुरू होते. पोपनं नोंदवलंय की शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खायचा नाही, तंबाखू ओढायचा नाही, कारण तो वास जनावराला लांबून येतो. हे वाचलं आणि मी थांबलो. मला वाटत होतं धनुष्य म्हणजे लांबनं मारायची वस्तू. या माणसाचं सगळं लक्ष जवळ जाण्यावर.

आमच्या भागात धनुष्याचा फार डंका नाही, उगीच इतिहास रंगवत नाही. आमच्या वाडीत शिकार म्हणजे हाका, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवणं, कुत्री आणि ठासणीची बंदूक. फासेपारध्यांच्या तर नावातच फास आहे. माझ्या आज्जाकडे होती ती गलोल, बेचकी नव्हे, दुहेरी दोरीचं धनुष्यच. त्यात मातीची भाजलेली गोळी घालून भातावरचे राघू उडवायचा. तिची खुंटी अजून चुलीवरच्या आढ्याला आहे.

आता बांबू. कळक आमच्याकडे भरपूर, पण काटेरी आणि आत पोकळ. माणगा घ्या. तो जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, सरळ वाढतो. तीन वर्षांच्या पुढचा पाहिजे. कोवळ्याला वाकवलं की तो वाकलेलाच राहतो. ओळखायचं कसं? कोवळ्यावर पांढरट भुकटी आणि पेरांवर वाळकी टरफलं असतात, जुन्यावर बुरशीचे डाग आलेले असतात. दिवाळीनंतर तोडा, पावसात तोडलेल्याला भुंगा लागतो. आमचे म्हातारे अवसेच्या आसपासच तोडायला सांगतात, मी पाळतो, फुकट आहे. मग सावलीत दोन-तीन महिने उभा ठेवायचा. माझं दुसरं धनुष्य इथंच गेलं. एका वखारीतून 'वाळलेला आहे' म्हणून आणलेला बांबू चिरला तर आतून ओला निघाला. तरी तसाच पुढं रेटला, चूक माझीच.

साडेपाच फुटांचा तुकडा कोयत्यानं मधोमध चिरा. बाहेरची गुळगुळीत साल ही धनुष्याची पाठ, म्हणजे ओढताना तुमच्यापासून लांबची बाजू. तिला कानस, पॉलिशपेपर, काही लावायचं नाही. ताण सगळा तीच सोसते. माझं पहिलं धनुष्य मोडलं ते गाठीवर. गाठ वर आलेली दिसायला बरी वाटेना म्हणून घासून सपाट केली, टर्नरची खोड. गाठीतले धागे कापले गेले आणि बरोबर तिथंच तडकलं. काम करायचं ते पोटाच्या बाजूनं. मध्ये रुंदी 40 मिलिमीटर, टोकाला 15, जाडी मुठीपाशी दहाएक. ही मापं सुरुवातीची, शेवटची नव्हेत.

नवख्यानं एकाच पट्टीच्या नादाला लागू नये. ट्रकचे पाटे बघितलेत? लांब पाटा, त्याखाली आखूड, त्याखाली त्याहून आखूड. तसंच करा. साडेपाच फुटी कामटी, तिच्या पोटाला साडेतीन फुटी दुसरी, मध्ये घट्ट सुतळीनं गुंडाळायचं आणि आखूडीच्या दोन्ही टोकांशी पुन्हा वेढे. मूठ ताठ राहते, वाक धनुष्याच्या दोन्ही हातांत, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंत, वाटला जातो, आणि कमीजास्त करायचं तर धाकटी कामटी बदलता येते. बांधायच्या आधी दोन्ही निखाऱ्यावरनं हळूहळू फिरवा, पोटाची बाजू खाली. हिरवट रंग जाऊन मधासारखा आला की पुरे. काळं झालं की गेलं.

टोकांना खाचा बाजूनं पाडा, गोल कानशीनं. पाठीवर कधीच नको. दोरीला नायलॉन घेऊ नका, ते ताणतं. मी चांभाराकडला मेणाचा पॉलिस्टर दोरा घेतो, बारा-चौदा पदर पिळून. आज्जाची दोरी घायपाताच्या वाखाची असायची. दोरी धनुष्यापेक्षा तीनेक इंच आखूड. चढवल्यावर मूठ आणि दोरी यांच्यात बंद मूठ उभ्या अंगठ्यासकट बसली पाहिजे, याला टेप लागत नाही.

खरं काम यापुढचं, आणि इथं घाई करणाऱ्याचंच धनुष्य मोडतं. माझं तिसरं असंच गेलं, दसऱ्याला शिलंगणाला न्यायचं म्हणून. भिंतीला खुंटी ठोका, तिच्यावर धनुष्याची मूठ टेकवा, दोरीला बॅगा तोलायचा काटा अडकवून खाली ओढा. सहा इंच ओढून बघायचं. डावा हात ताठ आणि उजवा जास्त वाकतोय? मग ताठ हाताचं पोट खरवडायचं, वाकणाऱ्याला हात लावायचा नाही. कोयत्याची पाठ किंवा फुटक्या काचेची धार बरी, कापूस पडावा तसा बारीक भुसा पडतो. आठ-दहा वेळा खरवडलं की वीस वेळा हलकं ओढायचं, कारण बांबूला केलेला बदल कळायला वेळ लागतो. मग आठ इंच, मग दहा. मोबाइलवर फोटो काढून बघा, डोळा फसतो. 26 इंच ओढल्यावर काट्यावर 14 किलो आले की मी थांबतो. कुणी 25 किलोची हौस करू नये, खांदा महिनाभर बोलतो.

बाण न लावता दोरी सोडायची नाही. भाच्यानं एकदा सोडली, सगळा झटका कामटीत गेला आणि आखूडीची बांधणी उसवली. याच कारणानं बाणही फार हलका नको. या धनुष्याला 25 ग्रॅमचा बरा. बांबूच्या बारीक काड्या धुरावर गरम करून सरळ करायच्या, 28-29 इंच. पिसं तीन, कोंबड्याच्या पंखाची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर बाण गरगरत जातो. मोराच्या पिसांच्या भानगडीत पडू नका. टोकाला मी लेथवर पितळी बोथट टोप्या काढतो, पोत्याला तेवढं पुरतं.

बाण सुटताना सरळ जात नाही, हे मला आधी खोटं वाटलं होतं. मूठ मध्ये येते, म्हणून तो लवतो, धनुष्याला वळसा घालून पुन्हा सरळ होतो. फार ताठ काडी डावीकडे जाते, फार लवचिक उजवीकडे, उजव्या हातानं ओढणाऱ्याची. दहा काड्या करा, त्यांतल्या चार सारख्या निघतील.

मारण्याचं थोडक्यात. आडवं उभं राहा, तीन बोटं दोरीवर, एक बाणाच्या वर, दोन खाली. ओढलेला हात दरवेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला. पहिले आठ दिवस पाच पावलांवरनं डोळे मिटून मारा, नेम नको, हाताला सवय लागू दे. पोत्यामागं मातीचा बांध हवा, आणि वर आभाळात कधी सोडू नका. डाव्या हाताच्या आत जुन्या चपलेचं चामडं बांधा. मी बांधलं नव्हतं, तर दोरीचा निळा वळ बघून शॉपमधल्यांनी घरातल्या भांडणाचा निष्कर्ष काढला.

मी पोतं तीस पावलांवर लावायचो. वाडीतले एक म्हातारबा, वय चौऱ्याऐंशी, बांधावर बसून बघायचे. कायद्याच्या आधी त्यांनी हाक्यात डुकरं मारलेली. त्यांच्या लेखी शिकार म्हणजे वाटा: किती माणसं होती, ज्याचा बार पहिला त्याला काय मिळालं, हे त्यांना पन्नास वर्षांनीही पाठ. एक दिवस म्हणाले, "इतक्या लांबनं? भांडाण हाय काय गा तुजं त्याच्यासंगं?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. हाक्याची नव्हे. पोरवयात वडलांचं धनुष्य घेऊन एकटेच सशामागं गेलेले. कापणी झालेलं भाताचं शेत, दिवस मावळतीला. अनवाणी, वारा तोंडावर घेऊन. पाऊल टाकताना आधी बाहेरची कड, मग टाच, धसकट मोडायला लागलं की तसंच परत उचलायचं. सशानं कान मागं टाकले की थांबायचं. डोळ्याच्या पापणीवर डास बसला तो पोट भरेपर्यंत तसाच. दहा पावलांवर पोचायला किती वेळ लागला म्हटलं तर हातानं सूर्य दाखवला, इथनं इथवर. बाण मारला का, विचारलं. "मारला की. चुकला." आणि खळखळून हसले.

त्यांच्या हातात माझं धनुष्य दिलं. हात थरथरत होता, तरी कोपर बरोबर वर गेलं. अर्ध्यापर्यंत ओढलं, पोत्याकडे बघितलं आणि दोरी सावकाश परत आणली, सोडली नाही. "मूठ जाड झाली," एवढंच म्हणाले. खरंच जाड झाली होती, मी सुतळीचे चार वेढे कमी केले आणि पोतं पंधरावर आणलं. आता ते वीसच्या पलीकडे नेत नाही.

रविवारी पहाटे धनुष्य घरीच ठेवून बांधावरनं चालून बघतो. मोकळ्या हातानं जवळ जाणंही जमत नाही अजून. टिटवी चाळीस पावलांवरच ओरडते आणि सगळ्या शिवाराला सांगते.

मृगाच्या आधी दोरी उतरवा. चढवलेलं धनुष्य पावसाळाभर टांगलं तर वाक धरून बसतं. कामट्यांना जवसाचं तेल चोळा आणि जिथं धूर जातो तिथं आडवं ठेवा, भुंगा येत नाही. दोरी मात्र वेगळी, डब्यात झाकण लावून. मी आज्जाच्या खुंटीला दोन्ही एकत्र टांगली होती. आषाढात काढायला गेलो तर मेणाच्या वासानं उंदरांनी दोरी दोन ठिकाणी कुरतडलेली.