त्वचेची आकृती खालून वर काढा, थर आपोआप लक्षात राहतील

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून शरीराच्या ऊती बघण्याच्या विषयाच्या, जर्नलमध्ये स्किनची स्लाइड आली की बहुतेक पोरं वरून सुरुवात करतात, आधी जाड गुलाबी पट्टा रंगवतात आणि मग खाली येता येता कुठला थर कुठे संपला तेच कळेनासं होतं. नाशकात मेडिकलच्या फर्स्ट इयरला असाल तर माझं ऐका, खालून वर काढा. त्वचेची पेशी तळाला जन्मते आणि वर सरकत सरकत मरते, साधारण महिनाभर लागतो याला, आणि हे एकदा डोक्यात बसलं की घोकंपट्टी लागतच नाही.

सामान म्हणजे साधी पेन्सिल आणि गुलाबी-जांभळी रंगपेन्सिल, बस. रंगवलेल्या स्लाइडवर जांभळं म्हणजे न्यूक्लियस, पेशीचं केंद्रक, आणि गुलाबी म्हणजे प्रोटीन.

आधी स्लाइड जाड त्वचेची का पातळ ते ठरवा. जाड फक्त तळहात आणि तळपायाला, तिथे केस नसतात, तेलग्रंथी नसतात. केसाचं मूळ दिसलं की पातळ. पाठीची कातडी एकूण जाडजूड असते तरी तिला पातळच म्हणायचं, कारण इथे एपिडर्मिसची, म्हणजे त्वचेच्या वरच्या भागाची, जाडी बघतात, हे व्हायवाला, तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात.

आता जाड त्वचा काढू. पानाच्या मधोमध एक नागमोडी रेघ मारा. रेघेच्या वर एपिडर्मिस, खाली डर्मिस म्हणजे त्वचेचा आतला भाग. एपिडर्मिसमध्ये रक्तवाहिनी चुकूनही काढू नका, तिथे ती नसतेच, म्हणून तर नुसतं वरवर खरचटलं तर रक्त येत नाही.

रेघेला चिकटून पेशींची एकच ओळ, न्यूक्लियस गडद जांभळे, हा बेसल थर, नवीन पेशी इथेच तयार होतात. या ओळीत मधूनमधून एखादी फिकट पेशी सोडा, ती मेलानोसाइट. ती मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, बनवते आणि आपल्या फांद्यांमधून आजूबाजूच्या तीसेक केराटिनोसाइटना, म्हणजे एपिडर्मिसच्या नेहमीच्या पेशींना, वाटते. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक पडतो मेलॅनिन किती आणि कुठल्या प्रकारचं बनतं, किती दिवस टिकतं यात. स्थळं बघताना रंगावरून जे काही बोललं जातं ना ते ऐकून मला खरंच वाटतं की हे शाळेतच नीट शिकवायला हवं.

त्यावर स्पायनोसम, पेशींच्या बऱ्याच ओळी, कडेला बारीक काटे. काटे म्हणजे शेजारच्या पेशीला घट्ट धरून ठेवणारे जोड, स्लाइड बनवताना पेशी आकसते आणि ते दिसायला लागतात. मग ग्रॅन्युलोसम, चपट्या पेशी आणि जांभळे ठिपके, इथून पुढे पेशी संपत आली. मग ल्युसिडम, एक फिकट चकचकीत पट्टी, जाड त्वचेतच दिसते. आणि सगळ्यात वर कॉर्नियम, गुलाबी, न्यूक्लियस एकही नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री चालवणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात, तो हाच थर वाढलेला असतो. निफाडच्या थंडीत टाचेला भेगा पडतात त्याही इथूनच सुरू होतात, आणि रक्त आलं तर समजायचं भेग डर्मिसपर्यंत गेली.

डर्मिसला फार वेळ घालवू नका. वर थोडं विरळ, खाली कोलॅजन या प्रोटीनचे जाड गुलाबी दोर, मध्ये ते बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींचे लांबट जांभळे न्यूक्लियस. नर्व्हची दोन टोकंही काढा: हलका स्पर्श ओळखणारं माइसनर नागमोडी रेघेत वर घुसलेल्या डर्मिसच्या टेंगळात, दाब आणि कंपन ओळखणारं पॅसिनियन खूप खोल, चरबीजवळ, हुबेहूब आडव्या कापलेल्या कांद्यासारखं. घामग्रंथीची वेटोळीही खोलच, तिची नळी वर नागमोडी नेऊन सोडा.

लँगरहान्स आणि मर्केल पेशी मात्र आकृतीत घालू नका. लँगरहान्स बाहेरच्या जंतूंची खबर इम्युनिटीला देते, मर्केल स्पर्शाची, दोन्ही महत्त्वाच्याच, पण साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या खात्रीने ओळखता येत नाहीत. पाउल लँगरहान्स 1868 मध्ये विद्यार्थीच होता, त्याने रंगवायला गोल्ड क्लोराइड वापरलं तेव्हा कुठे लँगरहान्स पेशी दिसल्या, आणि त्यालाही त्या नर्व्हच्या पेशी वाटल्या. जे स्लाइडवर दिसतं त्यालाच लेबल लावा, या दोघींचं खाली एका ओळीत लिहा, आणि शेवटी ओळखीचे मुद्दे: केस नाहीत, कॉर्नियम जाड, ल्युसिडम आहे.