गोळ्या वाटल्या, रक्त वाढेना? रक्तक्षयाच्या कार्यक्रमात या चुका टाळा

नोंदवहीत प्रत्येक गरोदर बाईपुढे ‘लोहाच्या गोळ्या दिल्या’ अशी खूण असते आणि हिमोग्लोबिन मात्र जिथल्या तिथे. लगेच गोळीला नावं ठेवू नका. आधी रिकामी पाकिटं पाहायला मागा. वाटलेल्या गोळ्या मोजायच्या आणि गिळलेल्या मोजायच्याच नाहीत, ही सगळ्यात मोठी चूक.

गोळी सुटते ती बहुधा मळमळीने, नाहीतर भीतीने. लोहामुळे शी काळी होते, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाही सांगितलं तर चौथ्या दिवशी पाकीट कपाटात जातं. रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं. पण उलटून पडलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर टिकलेली गोळी परवडली. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यासोबत नको आणि चहा-कॉफीही निदान तासभर लांब.

हिमोग्लोबिन 11 (ग्रॅम प्रति डेसिलिटर) झालं की गोळ्या बंद, हाही घाईचा हिशेब. रक्तातला आकडा आधी सुधारतो, शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

आता तपासणी. हात गार, टोच उथळ, थेंब येईना म्हणून बोट पिळलं जातं. पिळल्यावर रक्तात पेशींभोवतालचा द्रव मिसळतो आणि आकडा चुकतो. हात कोमट करा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसून पुढचा आपसूक येऊ द्या. निकषही तपासा: जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीसाठी रक्तक्षय ठरवण्याची मर्यादा 10.5 केली आहे; पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ती 11 आहे.

बाळाच्या बाबतीत चूक जन्मताच होते. नाळ लगेच चिमटली की बाळाच्या वाट्याचं रक्त वारेतच राहतं. बाळ ठीक असेल तर 1 ते 3 मिनिटं थांबा. पुढे लोहाचं सिरप घरच्या चमच्याने अंदाजाने देऊ नका आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. जास्त लोह विषारी असतं, जीवावर बेतू शकतं.

महिनाभर गोळ्या खरोखर घेऊनही आकडा 1 ग्रॅमने वाढला नाही, तर डोस दुप्पट करू नका. अंकुशकृमी (आतड्यातले जंत), मलेरिया, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थॅलेसेमिया, सिकलसेल (हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार) यांपैकी काही आहे का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.