गोल्फ कार्टचं इंजिन जाम? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

"इंजिन सीझ झालंय" असं म्हणत जुनी पेट्रोल कार्ट घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी इंजिनाला हातच लावलेला नसतो. गाडी सुरू करायला पेडल दाबलं, 'टक' असा आवाज आला, पुढे काही हललं नाही. झालं, निदान संपलं. काही जण तर तेवढ्यावर हेडही (सिलिंडरचं वरचं झाकण) उघडून बसलेले असतात.

बहुतेक पेट्रोल गोल्फ कार्टमध्ये सेल्फ आणि डायनामो वेगळे नसतात. एकच स्टार्टर-जनरेटर पट्ट्याने क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडलेला असतो: आधी तो इंजिन फिरवतो, मग इंजिन त्याला फिरवतं. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या गाडीत त्याचं बेअरिंग गंजून बसलं की बाहेरून सगळं हुबेहूब जाम इंजिनासारखंच दिसतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, स्टार्टरचा पट्टा काढायचा, क्लचचा मोठा पट्टा काढायचा, प्लग काढायचा आणि मग क्रँक हाताने फिरवून बघायचा. फिरला तर इंजिन जाम नाही, स्टार्टर उघडा. प्लग काढल्यावर भोकातून पेट्रोल उडालं, तर कार्ब्युरेटर गळून सिलिंडर भरला होता, एवढंच. ही सगळी तपासणी वीस मिनिटांची आहे. पण वीस मिनिटं कोणाकडे असतात?

धक्का मारून सोडवायचा प्रयत्न तर करूच नका. मोटारसायकलची सवय असलेले चार जण गाडी ढकलताना मी पाहिलेत. इंजिन बंद असताना कार्टचा पुढचा क्लच पट्ट्याला पकडतच नाही. गाडी मैलभर ढकललीत तरी क्रँकला पत्ता लागणार नाही.

आता खरंच जाम असेल, तर जाम कशाने झालाय ते आधी ठरवा. उभ्या गाडीत पाणी शिरून रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजल्या असतील तर तेल मुरवून उपयोग होतो. चालता चालता ऑईल संपून बसलेलं इंजिन मात्र तेलाने सुटत नाही. या लहान चार-स्ट्रोक इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) मध्ये वेगळी बेअरिंग न घालता थेट क्रँकवर फिरतो. ऑईल संपलं की तो वितळून क्रँकला चिकटतो. वरून कितीही तेल ओता, ते तिथे पोचणार नाही. डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) कोरडी असेल किंवा काढलेल्या ऑईलमध्ये चंदेरी चूर चमकत असेल, तर सरळ इंजिन खाली उतरवा. यामाहाच्या जी१ सारख्या जुन्या दोन-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलसोबत आत जातं, त्यामुळे तिथे पिस्टन कुठल्या बाजूने खरवडलाय ते बघून कारण शोधावं लागतं.

गंजलेल्या इंजिनासाठी मी ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून सोडतो. जवळ ठिणगी नको, खिडक्या उघड्या हव्यात. सिलिंडर आडवा असेल तर मिश्रण फक्त खालच्या बाजूला साचतं, म्हणून चाकांना अडण लावून गाडी थोडी तिरकी करतो. आणि मग सोडून देतो. चार दिवस, कधी आठ. रोज एकदा क्रँकवर पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे, बस. "काल ओतलं, आज सुटलं नाही" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्या कोणाची असती तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. सहा दिवस मुरवलेलं इंजिन सुटलं. त्या आनंदात मी प्लग परत लावला आणि पाना फिरवला. अर्ध्या फेरीत इंजिन पुन्हा घट्ट. माझ्या डोक्यात आलं, रिंग परत अडकली. पान्याला पाईपचा तुकडा अडकवून सगळं अंग टाकलं. 'कट' असा आवाज आला आणि पाना सैल झाला. ज्याला पाना लावला होता, तो क्लचचा लांब बोल्ट क्रँकच्या आत तुटला होता. इंजिन जाम नव्हतंच, माझंच ओतलेलं तेल पिस्टनच्या वर भरलेलं होतं आणि तेल काही दाबलं जात नाही. सुटलेल्या इंजिनाचा प्लग उघडा ठेवून, भोकावर फडकं धरून, तेल बाहेर येईपर्यंत हाताने फिरवलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. उलट्या पेचाच्या ड्रिलने तो तुकडा काढायला दोन दिवस गेले. तेव्हापासून पाईप माझ्या पेटीत नाही.

पिस्टन वरून ठोकणारे लोक वेगळेच. हेड काढल्यावर गरज पडलीच तर लाकडाचा ठोकळा आणि हलका हात, लोखंडी हातोडी नाही.

बाकी किरकोळ: सुटलं म्हणून होनिंग (बोअर आतून घासून साफ करणं) न करता गंजलेल्या बोअरवर तसंच चालवू नका. पिस्टन-पिनचे जुने सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) परत वापरू नका. पेडल दाबून धरून स्टार्टर भाजू नका. पंख्याचं कव्हर काढून बघा, आत उंदराचं घरटं असेल तर हवा कुठून जाणार? आणि वेग वाढवायला गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) बांधून ठेवलेला दिसला, तर इंजिन का बसलं हे विचारायची गरज नाही.

पहिल्यांदा चालू झाल्यावर गाडी लगेच फिरवायला नेऊ नका. मी अर्धा तास इंजिन हलक्या हाताने चालवतो, बंद करतो, ऑईल गरम असतानाच काढतो आणि पांढऱ्या ताटलीत उन्हात धरून बघतो. काळं असेल तर चालतं. चमकलं, तर पट्टे परत काढायला घेतो.