आंदोलनात माइक घेऊन उतरताना

कॅम्पस रेडिओवर नव्याने आलेली मुलं आधी माइकबद्दल विचारतात. घोषणा सुरू झाल्या की आवाज फाटतो, त्याचं काय? रेकॉर्डिंगची लेव्हल आधीच खाली ठेवा, माइकला फोमचं कव्हर चढवा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला गेलाच. मुलाखत संपल्यावर मिनिटभर नुसता परिसराचा आवाज भरून घ्या, एडिटिंगला फार कामी येतो. तंत्राचं एवढं पुरे.

कठीण आहे ते लाइव्हमध्ये काय बोलायचं नाही, हे शिकणं. मे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात पॅरिसच्या रस्त्यांवर आरटीएल आणि युरोप १ या रेडिओ केंद्रांचे वार्ताहर गाडीतल्या रेडिओ-टेलिफोनवरून थेट वार्तांकन करत होते. विद्यार्थी ट्रान्झिस्टर कानाला लावून पोलिस कुठे आहेत याचा अंदाज घेत. सरकार इतकं वैतागलं की त्या टेलिफोनच्या लहरीच त्यांच्याकडून काढून घेतल्या. म्हणजे ‘मागच्या दाराने पोरं आत शिरली’ हे वाक्य बातमी तर आहेच, पण ऐकणाऱ्या पोलिसांना टीपही आहे. जे घडून गेलंय ते सांगा. जे घडू घातलंय ते तोंडातून निघण्याआधी एक श्वास घ्या.

माझी लाइव्हची पद्धत साधी आहे: ‘मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आहे. गेट इथून दिसत नाही. तिथे धक्काबुक्की झाल्याचं दोघांनी सांगितलं, मी पाहिलेली नाही.’ कंटाळवाणं वाटेल, पण श्रोता कधीही मधूनच येतो, म्हणून दर काही मिनिटांनी हे पुन्हा सांगायचं. गर्दीचा आकडा कुणाचा, तेही सांगायचं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर हे विद्यार्थ्यांचं रेडिओ केंद्र एरवी जॅझसाठी प्रसिद्ध. ३० एप्रिल २०२४ च्या रात्री आंदोलकांनी ताब्यात घेतलेल्या हॅमिल्टन हॉल या तिथल्या इमारतीत पोलिस शिरले, तेव्हा बाहेरच्या बहुतेक पत्रकारांना कॅम्पसमध्ये प्रवेश नव्हता. याच केंद्राची विद्यार्थी मंडळी थेट बोलत होती. ही संधी तुम्हालाही मिळेल, आणि अडचणही तीच: घोषणा देणारे तुमच्याच वर्गातले असतात. हातात माइक असताना घोषणेला साथ नको, टाळी नको. मैत्रीण रुसेल, रुसू द्या.

नाव घेण्याआधी विचारा. चेहरा दिसत नसला तरी आवाज ओळखू येतो, हे बोलणाऱ्याला रेकॉर्डिंगपूर्वी सांगा. प्रशासनाला फोन करा. उचलला नाही तर किती वाजता केला होता, तेही प्रसारणात सांगा. आणि मूळ रेकॉर्डिंग, वेळ आणि जागा लिहून, जपून ठेवा. तक्रार आली की पहिल्यांदा तेच मागतात.