रिअल-टाइमचं काम शिकताय? प्रायॉरिटीच्या आधी मेमरी लॉक करा

रिअल-टाइमकडे, म्हणजे ठरलेल्या वेळेतच काम पुरं करावं लागणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळणारे बहुतेक जण सुरुवात शेड्युलिंगपासून (सीपीयू आधी कोणाला मिळणार हे ठरवण्यापासून) करतात. शेड-फिफो ही रिअल-टाइम शेड्युलिंग पॉलिसी लावली, प्रायॉरिटी ८० दिली, की काम झालं असं वाटतं. पण लिनक्सवर प्रायॉरिटी ९९ दिलीत तरी हवं ते पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) रॅममध्ये नसेल तर थ्रेड थांबणारच. डिस्कवरून ४ केबीचं पेज येईपर्यंत कित्येक मिलिसेकंद जाऊ शकतात, आणि आपली डेडलाइन असते मायक्रोसेकंदांची. म्हणून टीममध्ये कोणी नवीन आलं की मी आधी एमलॉकऑल शिकवते, म्हणजे प्रोग्रॅमची मेमरी रॅममध्येच लॉक करून ठेवणारा सिस्टम कॉल.

त्याला एमसीएल_करंट आणि एमसीएल_फ्यूचर हे दोन्ही फ्लॅग द्या. फक्त पहिला दिलात तर नंतर मॅप झालेली मेमरी लॉकच होत नाही. दुसरा दिल्यावर मात्र प्रत्येक नव्या थ्रेडचा अख्खा स्टॅक (लोकल व्हेरिएबल्सची जागा) रॅममध्ये बसतो. तो सहसा ८ एमबी असतो, म्हणजे दहा थ्रेडचे ८० एमबी गेले! थ्रेड बनवतानाच स्टॅकचा आकार ठरवून द्या. मेन थ्रेडचा स्टॅक लागेल तसा वाढतो, त्यामुळे रिअल-टाइम कामाच्या लूपमध्ये शिरण्याआधी मोठा लोकल अ‍ॅरे घेऊन त्याच्या प्रत्येक पेजवर एकदा लिहून घ्या. मग गेट-आर-युसेज या कॉलने मेजर आणि मायनर पेज फॉल्ट (डिस्कवरून पेज आणावं लागलं तो मेजर, डिस्कशिवाय भागलं तो मायनर) बघा. लूप चालू असताना दोन्ही आकडे जागचे हलता कामा नयेत. आणि हो, फोर्क करून बनवलेल्या चाइल्ड प्रोसेसला लॉक मिळत नाही, एक्झेक करून दुसरा प्रोग्रॅम चढवल्यावरही तो सुटतो.

आता परवानग्या. यासाठी प्रोग्रॅम रूट म्हणून चालवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्नल २.६.९ पासून साधा युजरही ठरलेल्या मर्यादेत मेमरी लॉक करू शकतो. ही डिफॉल्ट मर्यादा वर्षानुवर्षं ६४ केबी होती, ५.१६ मध्ये ८ एमबी झाली. 'युलिमिट -एल' टाकून तुमची बघा. ती वाढवायची तर लिमिट्स-डॉट-कॉन्फ या सेटिंग फाइलीत मेमलॉकची ओळ लिहा, आणि प्रायॉरिटीसाठी आरटीप्रायोची.

नवीन माणूस हमखास अडतो ते पुढे. टर्मिनलवर प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, पण सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून लावला की 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी', तेही भरपूर रॅम मोकळी असताना! लिमिट्स-डॉट-कॉन्फ लागू होते लॉगिनच्या वेळी, पॅम या लॉगिन हाताळणाऱ्या यंत्रणेमार्फत. सिस्टम सर्व्हिस त्या वाटेने येतच नाही. तिच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठी सर्व्हिसचं वर्णन असलेल्या फाइलीत) लिमिट-मेमलॉक आणि लिमिट-आरटीप्रायो वेगळे लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि प्रॉक या डिरेक्टरीतल्या तिच्या स्टेटस फाइलीत व्हीएम-लॉकची ओळ तपासा. तिथे शून्य दिसलं तर लॉक लागलेलाच नाही.