जुन्या मोटारीच्या घाटाचं चेनकव्हर: पत्रा कापण्याआधीची तयारी

सायकलच्या चेनकव्हरला जुन्या मोटारीचा घाट द्यायचा, तर सगळ्यात आधी सायकल ठरवा, मोटार नंतर. मागे गिअरच्या चकत्यांची चवड असलेली, चेन आडवी सरकणारी सायकल या कामाला चालत नाही. एकाच फ्रीव्हीलची, दांड्याची साधी काळी रोडस्टर घ्या. सोलापुरात ती अजून दूधवाल्यांकडे दिसते, गिरणीतून निवृत्त झालेल्यांच्या अंगणातही भिंतीला टेकून असते. घरची जुनी असेल तर उत्तमच. मात्र माप घेण्याआधी तिची दुरुस्ती उरकून घ्या. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, एक्सलला खेळ असेल तर काढा, पुढची चकती फिरताना डगमगत असेल तर सरळ करून घ्या, आणि चेन ताणली गेली असेल तर नवीन टाका. खिळखिळ्या सायकलवर घेतलेलं माप दुरुस्तीनंतर खोटं ठरतं आणि मग कव्हर घासायला लागतं.

आता माप. सायकलच्या चेनचे दोन सांधे एकमेकांपासून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर असतात. त्यामुळे दात मोजले की वर्तुळ कळतं. ४४ दातांच्या चकतीवर चेनच्या सांध्यांचं वर्तुळ १७८ मिलिमीटर भरतं, ४८ दातांच्या चकतीवर १९४, आणि मागच्या १८ दातांच्या फ्रीव्हीलवर ७३. त्यात चेनच्या पट्टीची बाहेर येणारी कड धरा आणि चहूबाजूंनी १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. म्हणजे ४४ दातांसाठी कव्हर पुढे साधारण २१ सेंटीमीटर रुंद लागेल आणि मागे साडेदहा. एवढी जागा सोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. चेन मधोमध अर्धा इंच वरखाली हलते, आणि ती तशी हललीच पाहिजे.

जाडीच्या दिशेचं माप जास्त नाजूक आहे. चेनची बाहेरची बाजू आणि क्रँकची आतली बाजू यांच्यामध्ये जी फट असते, तेवढ्यातच पत्रा, त्याचा फुगवटा आणि रिव्हेटचं डोकं बसवायचं असतं. क्रँक चार दिशांना फिरवून चारही ठिकाणी फट मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. जोर लावून पायडल मारताना फ्रेम किंचित वाकते, म्हणून क्रँकपासून पत्र्यापर्यंत निदान ५ मिलिमीटर राखून ठेवा. मग सायकल स्टँडवर उभी करून, जो ती रोज चालवणार त्यालाच बसवा, आणि तो रोज घालतो त्याच चपला घालून. टाच मागे कुठवर येते तिथे खडूने खूण करा. चपलेची टाच बुटापेक्षा जास्त बाहेर लोंबते, आणि कव्हरच्या शेपटीकडचा, म्हणजे मागच्या टोकाचा, फुगवटा नेमका तिथेच नडतो.

सीटपासून खाली येणारी नळी आणि तिथून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी, या दोन्हींचा बाहेरचा व्यास दोऱ्याने मोजून लिहून ठेवा. पकडपट्ट्या तिथे येणार. चेन ताणायला मागचं चाक खाचेत मागे ओढतात, तेव्हा आसाचा नट कुठून कुठवर सरकतो तेही लिहा. कव्हरची शेपटी नटाच्या वरूनच संपवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पंक्चर काढायला चाक सोडवताना दर वेळी कव्हर काढावं लागलं, तर महिन्याभरात ते माळ्यावर जातं.

हे आकडे कागदावर मांडलेत की मोटार निवडणं सोपं होतं, कारण अर्धी निवड चेनने आधीच केलेली असते. पुढे मोठं वर्तुळ, मागे त्याच्या निम्मं, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोन रेषा: हा थेंबाचाच आकार आहे. मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या फिगोनी आणि फालास्की यांनी १९३७-३८ च्या फ्रेंच टॅल्बो-लागो मोटारींना दिलेला घाट नेमका हाच, पुढे गोल भरीव आणि मागे निमुळता होत जाणारा. म्हणून तिशीच्या दशकातल्या मोटारींचे मडगार्ड चेनकव्हरवर सहज उतरतात. १९४८ च्या कॅडिलॅकपासून अमेरिकेत रुजलेल्या उंच शेपटाच्या मोटारी तितक्या सहज उतरत नाहीत. तिथे नजर मागे वर चढते, इथे चेन मागे खाली उतरते; शिवाय ते टोक बरोबर टाचेच्या वाटेत येतं. मला त्या मोटारी मनापासून आवडतात, तरी या कामासाठी त्या सोडून द्या.

१९३६ ची कॉर्ड ८१० ही अमेरिकी मोटार डोळे भरून पाहून ठेवा. तिचे डिझायनर गॉर्डन ब्यूरिग यांनी तिच्या नाकाला नेहमीची जाळी दिलीच नाही. आडव्या समांतर पट्ट्या नाकापासून बॉनेटच्या दोन्ही बाजूंना वळवून नेल्या. चेनकव्हरवर हे काम लांब पन्हळींनी होतं. शेपटीकडे एकमेकींजवळ येत जाणाऱ्या तीन पन्हळी पत्र्यात दाबल्या की नक्षीही होते आणि पत्रा ताठही होतो. सपाट पत्रा खड्ड्यात ढोलासारखा वाजतो. पन्हळ किंवा फुगवटा दिलेला वाजत नाही. जुन्या मोटारींमध्ये शिकण्यासारखं आहे ते हेच. कड आत वळवून त्यात तार घातलेली असायची ती धार जावी आणि मडगार्ड ताठ राहावा म्हणून. बॉनेटवरच्या झडपा असायच्या इंजिनाची गरम हवा बाहेर जावी म्हणून. बुगाटी अटलांटिक या मोटारीच्या पाठीवरून जाणारी रिव्हेटची ओळ तर आधीच्या नमुन्यावरून आली. १९३५ च्या त्या नमुन्याचा मॅग्नेशियमचा मिश्रधातू वेल्डिंगला धोक्याचा होता, म्हणून पत्रे कडेला कड लावून रिव्हेटने जोडले. पुढे अॅल्युमिनियम वापरलं तरी ती ओळ ठेवली, इतकी ती शोभली. तुमच्या कव्हरवर जे घ्याल त्याला असंच एक काम द्या. काम नसलेलं काही चिकटवलं की ते लगेच ओळखू येतं.

सोलापूरकरांना आणखी एक पर्याय आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि त्याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडली, जिला नंतर पद्मिनी हे नाव मिळालं. तिचा बाज शांत आहे: बाजूने जाणारी एक बारीक चकचकीत पट्टी आणि मागे हलकीच उचललेली कड. थेंबाच्या आकारावर ती एकच पट्टी, पुढच्या वर्तुळाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, एवढंही पुरे आहे. मोटारीचा घाट सायकलवर आणणं काही ओढूनताणून नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीम सायकली तेलात बुडालेल्या चेनच्या बंद कव्हरसाठी नावाजलेल्या होत्या, आणि त्याच कारखान्याने पुढे मोटारी काढल्या. ओपेल आणि प्यूजोही आधी सायकलवालेच.

मात्र तसं पूर्ण बंद कव्हर इथे करू नका. पावसाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यावर आपली काळी माती चाकाला अशी धरते की बंद कव्हरमध्ये शिरली तर काढता येत नाही. खालची बाजू उघडी ठेवा, वरून चेन झाकणारी साडेतीन सेंटीमीटरची कड द्या, म्हणजे धोतर, सलवार, पँट सुरक्षित राहते आणि चिखल खाली गळतो. झडपा करणार असाल तर त्यांची तोंडं मागे वळलेली हवीत. पुढे वळलेली झडप पुढच्या चाकाने उडवलेली धूळ आत ओढते.

पत्रा आणण्याआधी जाड पुठ्ठा आणा, टीव्हीच्या खोक्याचा चालतो. पूर्ण आकाराचा नमुना कापून सायकलवर बांधा, काळ्या रंगाने रंगवा आणि सायकल रस्त्याच्या पलीकडे उभी करून बघा. जवळून देखणा वाटणारा फुगवटा लांबून थोराड दिसू शकतो. रेषा सायकलच्या खालच्या नळीशी भांडत नाही ना, शेपटी नळीच्या खाली लोंबत नाही ना, हे पाहा. सायकल भिंतीला टेकवलेली असताना आणि कुणी चालवत नेत असताना, दोन्ही वेळा पाहा. या टप्प्यावर घाई नको. चार-आठ दिवस पुठ्ठा तसाच बांधलेला राहू द्या आणि येता-जाता कातरत राहा.

पत्र्यात दोनच पर्याय खरे: २० गेजचा सीआरसी, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, किंवा १.२ मिलिमीटरचं अॅल्युमिनियम. चौरस मीटरला लोखंड सात किलो भरतं, अॅल्युमिनियम सव्वातीन. लोखंडाला वेल्डिंग, लांबी (खळगे भरायची पुट्टी), रंग सगळं सोपं. अॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, पण बुगाटीची वाट धरून रिव्हेट वापरले तर तेही लागत नाही. ठोकताना ते कडक होत जातं, म्हणून मधेमधे तापवून मऊ करावं लागतं. कपड्याच्या साबणाची रेघ ओढा, शेगडीवर ती काळपट झाली की थांबा. जस्त चढवलेला जीआय पत्रा वेल्डिंगला देऊ नका, त्याचा धूर छातीला वाईट.

कारागीर दोन शोधा. सरळ दुमड आणि झडपा यांसाठी कूलरच्या बॉडी करणारे किंवा लोखंडी कपाटं करणारे. त्यांच्याकडे दुमडायचं यंत्र असतं. उन्हाळ्यात कूलरवाल्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो, तेव्हा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपायच्या आत त्यांचं काम उरका. फुगवट्यासाठी मात्र मोटारींचे पोचे काढणारा जुना डेंटर हवा, ज्याच्याकडे लाकडी मोगरी आणि वाळूची पिशवी अजून आहे. त्याच्याकडे जाताना मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. पुठ्ठा, मापांचा कागद आणि शक्य असेल तर सायकलच घेऊन जा. “मिस्त्री, एवढा बाक कुठवर येईल?” असं विचारा, आणि तो जे नाही म्हणेल ते ऐका. पत्रा कुठे ताणतो आणि कुठे फाटतो, हे त्याच्या हाताला कळतं.

पत्रा ठोकायच्या आधीच रंग ठरला पाहिजे. पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजतात आणि साधी लांबी त्या उष्णतेला टिकत नाही. पावडर हवी तर पत्रा लांबीशिवाय नितळ करून मागा. दोन रंग हवे असतील तर मोटारीचा स्प्रे रंगच घ्या, आणि दोन रंगांच्या सीमेवर बारीक लाईनिंग पाट्या रंगवणाऱ्या एखाद्या पेंटरकडून ब्रशने करून घ्या. अख्खं कव्हर क्रोम करायच्या फंदात पडू नका. पट्टी स्टेनलेस स्टीलची पॉलिश केलेली घ्या, आणि अॅल्युमिनियमवर बसवणार असाल तर मध्ये पातळ रबर द्या.

पकडपट्ट्यांखालीही रबर हवंच, रंगासाठी आणि आवाजासाठी. ५ मिलिमीटरचे बोल्ट, नायलॉनचे नट, चार जास्तीचे. रंगाआधी एकदा कच्चं बसवून बघा: क्रँक उलटसुलट फिरवा, घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवा, गतिरोधकांवरून दोन फेऱ्या मारा. कुठे घासतंय हे पत्र्यावरच्या चमकत्या ओरखड्यावरून कळेल. तेवढंच ठोकून घ्या आणि मग रंगाला द्या. पुठ्ठ्याचा नमुना फेकू नका. त्यावर दातांची संख्या आणि सगळी मापं लिहून ठेवा, कारण बघणाऱ्यांपैकी कुणीतरी तसंच कव्हर मागायला येणार.