मासे आधीच टाकीत सोडलेत? मग पहिले सहा आठवडे असे सांभाळा

नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे तुमच्या बादलीच्या, म्हणजे पाणी बदलण्याच्या भरवशावर.

ड्रॉपवालं टेस्ट किट (थेंब टाकून पाण्यातला अमोनिया, नायट्राइट मोजणारं) घ्या आणि रोज पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ पीपीएमला (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) पोचले की त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच ते टाकीत ओता. खाद्य एक दिवसाआड, मिनिटभरात संपेल एवढंच. मासे उपाशी मरत नाहीत, अमोनियाने मरतात.

सगळ्यात मोठी चूक स्पंजची. काळपट, बुळबुळीत दिसला की लोक तो नळाखाली चोळून धुतात आणि क्लोरीनने जीवाणू मरतात. प्रवाह मंदावला तरच टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. फिल्टर रात्रीही चालू ठेवा. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर फारच उत्तम, त्यावर जीवाणू आधीच असतात; पण तो ओलाच आणा.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर किटची वाट न पाहता निम्मं पाणी बदला. अमोनिया, नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आल्याशिवाय नवा मासा आणू नका.